साबणपाण्याची बशी

२ ऑगस्ट

कुलदीप सरांनी आज नागपूरच्या पाहुण्यांना सांगितलं की ही प्रयोगशाळा ‘आमच्या टीम’च्या बळावर चालते. टीम म्हणजे ते आणि फ्रीज. मी आणि अंजनाबाई तेव्हा दाराशी चहाचे कप गोळा करत होतो. माझं नाव घ्यायची तसदीसुद्धा घेतली नाही. म्हणून ही वही. कुठे तरी लिहून ठेवलं पाहिजे की कुरखेड्याच्या या जुन्या राइस मिलच्या खोलीत काम कोण करतं.

काम असं. धानाच्या खोडकिड्याचा पतंग पानावर अंडी घालतो. आमची माशी त्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, आणि तिचं पिल्लू आतून पतंगाचं अंडं खाऊन बाहेर येतं. अळी जन्मतच नाही, फवारा लागत नाही. माशी म्हणायची एवढंच. मोहरीच्या दाण्यावर तीन-चार उभ्या राहतील. तांदळाच्या पतंगाची अंडी डिंकाने कार्डावर चिकटवायची, त्यांतून अळी निघू नये म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवायची, मग बरणीत माशांपुढे ठेवायची. माशीने अंडं घातलं की चौथ्या दिवशी ते काळं पडतं. काळं कार्ड म्हणजे चांगलं कार्ड. शेतकरी त्याच्या पट्ट्या कापून पानामागे टाचतो.

बी.एस्सी. झूलॉजी करून मी हे करते. अंजनाबाई सातवी पास आहेत, पण माझ्या आधीपासून, चार वर्षं, इथे आहेत, त्यामुळे त्यांना वाटतं की खोली त्यांचीच आहे.

३ ऑगस्ट

आज मी शिस्त लावली. पहाटेपासून बरणीतल्या जुन्या कार्डातून माशा निघायला लागतात, पण अंजनाबाई ताजी अंडी द्यायला साडेआठ वाजवतात. खिडकीत ऊन येईपर्यंत चक्क मांडीवर हात ठेवून बसून राहतात. तोवर अंडी सुकतात. मी सातलाच हजर झाले आणि भिंग घेऊन नीट पाहिलं. सगळ्यात आधी निघणारे जे असतात ते अगदीच बेकार. उजेडाकडे जात नाहीत, कार्डावरच गोल गोल फिरतात, मध चाटतात. ताजी अंडी समोर ठेवून पाहिली. एकाने म्हणून अंड्यावर पाय ठेवला नाही! असल्यांना पोसायचं कशाला? रंगाच्या मऊ ब्रशने सगळे साबणपाण्याच्या बशीत झटकले. दोन तास दर दहा मिनिटांनी हेच केलं. नंतर निघाल्या त्या खऱ्या कामाच्या. सरळ उजेडाकडे धावल्या आणि ताजी अंडी पुढे ठेवताच कामाला लागल्या.

अंजनाबाईंना ते सहन झालं नाही.

“अवो मॅडम, त्याइले काऊन हाकलून राह्यल्या?”

“काम नाई करत म्हणून.”

“राहू द्या ना घडीभर. नवरदेव आधी येऊन बसते मांडवात. नवरी मागून निघते. मी रोजच पाह्यतो ना भिंगातून.”

“अंजनाबाई, ह्या माशा हायेत. वरात नाई.”

त्यांनी बशीकडे असं पाहिलं की जणू मी कोणाच्या ताटातलं अन्न सांडलं. अडाणीपणाला सहानुभूती दाखवायची तरी किती? पुढचे दोन दिवस सकाळचं काम मी स्वतः करणार आहे.

७ ऑगस्ट

काळी! सगळी कार्डं काजळासारखी काळी, एकही जागा पांढरी नाही. कुलदीप सरांनी कार्ड हातात धरून स्वतःचा फोटो काढून घेतला. “आपली मेहनत,” म्हणाले. आपली! सात वाजता ब्रश घेऊन कोण उभं होतं?

अंजनाबाईंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि “काळं तं हाय बाप्पा,” एवढंच बोलल्या. कौतुकाचा एक शब्द नाही. बाईला हेवा वाटतो, दुसरं काय.

९ ऑगस्ट

कार्डं सात गावांना गेली. पुढच्या खेपेसाठी बीजकार्डं म्हणून यातलीच चांगली चांगली फ्रीजमध्ये ठेवली.

इस्तारीभाऊ स्वतः सायकलवर आले होते. त्यांची धानाची बांधी बोडीच्या तळ्याला लागून आहे, आणि बोडीत त्यांच्या ढिवर मासेमार सोसायटीने मासोळीचं बीज सोडलंय. बांधीत फवारा मारला की विषाचं पाणी उतरून बोडीत जातं. त्यामुळे त्यांना आमच्याशिवाय इलाज नाही. पिशवी घेताना माझ्याकडे न बघता त्यांनी अंजनाबाईंना विचारलं, “यंदा चांगलं हाय ना, बाई?”

अंजनाबाई म्हणाल्या, “यंदाचं मॅडमनं केलं.”

याला काय उत्तर म्हणायचं? हो म्हणायला जीभ झिजते का?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून घरी आले तर आईचं सुरू. खुशबू वहिनीला सहावा महिना आहे. आधीच्या दोन मुली, रिंकू आणि धाकटी. आई भात वाढता वाढता म्हणाली, “या खेपेले तरी घराले दिवा येऊ दे.” वहिनी ताटातली डाळ बोटाने फिरवत राहिली. माझं डोकं फिरलं. घरात बाबासाहेबांचा फोटो, आईच्या तोंडी हे!

म्हटलं, “आई, पोरगा की पोरगी हे बापाकडून ठरते. बाईच्या हातात नाई. आमच्या माशीचं तेवढं वेगळं. नराचं बीज मिळालं त्या अंड्यातून पोरगी होते, नाही मिळालं त्यातून पोरगा. कुवाऱ्या माशीले तं सगळे पोरंच होते.”

आई हात थांबवून म्हणाली, “मंग ते माशीच बरी.”

“काय बरी? पोरं पुढं काई कामाचे नसते. अंडी पोरीच घालते.”

वहिनी पहिल्यांदा हसली. आई मात्र फणफणली की शिकवलं हेच चुकलं. इतकं सरळ विज्ञान समोर ठेवलं तरी लोकांना दिसत नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

२१ ऑगस्ट

फ्रीजमधली बीजकार्डं काढली होती, आज माशा निघाल्या. या खेपेला लवकर उठणारे बेकार फार निघाले. झटकता झटकता हात दुखला, बशी दोनदा बदलली, तरी येतच होते. शीतपेटीत ठेवल्याने आळशी झाले असतील. उरलेल्यांवर ताजी कार्डं लावली.

मधाची रेघ अंजनाबाईंनी ओढून दिली. बशीही त्यांनीच नेऊन बाहेर ओतली, आणि ओतल्यावर तिथे जरा उभ्या राहिल्या.

२५ ऑगस्ट

पांढरी. चौथा दिवस उलटला तरी कार्डं तशीच पांढरी. एखादा काळा ठिपका शोधावा लागतो.

रडू येत होतं, पण रडून कोणाला दाखवू? कुलदीप सरांनी फोनवर, “उद्या सात गावचे लोक कार्ड न्यायला येणार आहेत, मी त्यांना काय थोबाड दाखवू?” असं मलाच विचारलं. कोणीतरी काहीतरी केलंय. माझी पद्धत तीच होती. पहिल्या खेपेला कार्डं काळी झालीच की!

२६ ऑगस्ट

कारण सापडलं. खिडकीच्या पाळीवर, अगदी बरण्यांच्या शेजारी, अंजनाबाईंची खर्र्याची पुडी. तंबाखू! तंबाखूचा काढा कीटकनाशक म्हणून फवारतात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्याच हाताने ही बाई डिंक लावते, अंडी पसरते, मध देते.

सातही गावचे लोक व्हरांड्यात उभे होते. कुलदीप सर आले आणि सगळ्यांसमोर, “काय झालं ते बोला,” म्हणाले. मी पुडी दाखवली. अंजनाबाई म्हणाल्या, “जेवल्यावर भायेर जाऊन खातो मी. राखेनं हात धुतो, मंगच आत येतो. चार वर्षं झाले.”

मी म्हटलं, “हात दाखवा.”

त्यांनी दाखवले. मी ते हुंगले. वास येत होता. म्हणजे, येत असणारच. मी म्हटलं की येतोय.

इस्तारीभाऊ चपलेकडे पाहत होते. सरांनी गालातला खर्रा दुसरीकडे सारला आणि म्हणाले, “बाई, उद्यापासून येऊ नका. मॅडम, लेखी रिपोर्ट द्या.” तिथेच उभ्याने लिहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवला. ‘तंबाखूच्या संसर्गामुळे परोपजीवी माशांची अंडी घालण्याची क्षमता नष्ट झाली.’ भाषा चांगली उतरली.

अंजनाबाईंनी भिंगाचा दोरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. पुडी तेवढी उचलली आणि गेल्या.

वाईट वाटतं, पण मी काय करणार? शिस्त म्हणजे शिस्त.

३ सप्टेंबर

आज इस्तारीभाऊ आले ते तावातावाने. हातात धानाची पानं. पानांच्या शेंड्याला भुऱ्या लोकरीखाली पतंगाची अंडी, टवटवीत. दुसऱ्या हातात अळीने पोखरून वाळलेले गाभे, ओढले की अलगद निघणारे.

“मॅडम, हे पाहा. मागल्या साली हेच अंडे काळे पडले होते. यंदा एक नाई पडला. कार्ड टाचून तीन हप्ते मी वाट पाह्यली.”

“टाचायला उशीर झाला असेल. ऊन लागलं असेल.”

“जेव्हा आणलं त्याच सांजेले टाचलं.”

“मग त्यालाही अंजनाबाईंचा हात लागला होता.”

“तिचाच हात लागते चार सालापासून,” ते म्हणाले. “मी आता फवारून राह्यलो उद्या. धान बुडू देऊ काय? बोडीचं काय व्हते ते व्हते.”

सायकल वळवून गेले. माझ्यावर ओरडायचा यांना काय अधिकार? फुकटात सल्ला मिळतो, कार्ड मिळतं, वर माज.

पण ती पहिली कार्डं काळी होती. काजळासारखी काळी. मग त्यांच्या बांधीत काय बिनसलं?

८ सप्टेंबर

बरण्या उकळल्या. टेबल सोड्याने घासलं. ब्रश नवा, डिंक नवा, मध नवा. फ्रीजमधली शेवटची बीजकार्डं काढून सगळं माझ्या एकटीच्या हातांनी केलं, आणि या हातांनी जन्मात कधी खर्रा मळलेला नाही. आज पाचवा दिवस.

पांढरी.

सरांना सांगितलं नाही.

९ सप्टेंबर

घरी जेवताना मी तोंड सोडलं होतं. सर असे, शेतकरी तसे, अंजनाबाईंनी सगळं नासवून ठेवलं. खुशबू वहिनी धाकटीची वेणी घालत होती. मान वर न करता म्हणाली, “ताई, एक बोलू? मले दोन पोरी झाल्या तं आई माह्याकडं पाह्यते. तुमचे कार्ड नाई झाले तं तुम्ही अंजनाबाईकडं पाह्यलं. दुसरं काय पाह्यलं तुम्ही?”

मी ताटावरून उठले. आई आत गेल्यावर तिने कोणाला बोलावं, मला? तिच्यासाठी मी आईशी भांडते!

झोप येत नाही. दुसरं मी काय पाहिलं? भिंगातून पाहिलं. भिंगातून ठिपका दिसतो, पाय दिसतात. सूक्ष्मदर्शक सरांच्या कपाटात कुलूपबंद आहे, पाहुणे आले की निघतो. आठ महिन्यांत मी त्याला दोनदा हात लावलाय, तोही धूळ पुसायला.

१० सप्टेंबर

सर गडचिरोलीला गेले होते, किल्ली त्यांच्या खिशात. मी स्क्रूड्रायव्हरने कपाटाच्या बिजागऱ्या काढल्या. काय करायचं ते करा.

बरणीच्या तळाशी मेलेल्या माशा होत्या, त्या काचेवर पसरल्या. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. मादीच्या मिशा तोकड्या, टोकाला गदेसारखा गोळा. नराच्या मिशांवर लांब लांब केस. पहिली पाहिली, केस. दुसरी, केस. तिसरीवर केस पाहिल्यावर मला वाटलं की काचेवर धूळ आहे. काच पुसून पुन्हा सुरुवात केली. साठ मोजल्या. अठ्ठावन्न नर.

अंडी घालायला कोणी नव्हतंच. इस्तारीभाऊंच्या बांधीत मी शेकडो पट्ट्या भरून नुसते नर टाचायला लावले. काळं कार्ड, उत्तम कार्ड, फोटो काढण्यासारखं कार्ड, आणि आत सगळे पोरं.

सगळे पोरं कधी होतात? हे मीच आईला सांगितलं होतं. भाताच्या ताटावर, स्वातंत्र्यदिनी, मोठ्या तोऱ्यात.

आधी निघणारे बेकार नव्हते. ते नर होते. ते उजेडाकडे जात नाहीत, कारण त्यांच्या माद्या अजून कार्डातच असतात. त्यांच्यासाठी ते तिथेच थांबतात. अंड्यांवर चढत नाहीत कारण ते त्यांचं कामच नाही. मी त्यांना तीन दिवस ब्रशने वेचून वेचून साबणपाण्यात बुडवलं, आणि मागून निघालेल्या माद्यांना कुवाऱ्याच कामाला जुंपलं. मला हे सांगितलं होतं. सातवी पास बाईने, इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं होतं की रिंकूलाही कळलं असतं. मी ते उडवून लावलं होतं.

आणि तिच्या हातांना तंबाखूचा वास येत नव्हता. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. खोटं बोलले मी. राखेचा येत होता.

११ सप्टेंबर

कुलदीप सरांना सगळं सांगितलं. आधी बिजागऱ्यांवरून बोलले, मग म्हणाले, “छोडो ना मॅडम. नागपूरवरून नवं बीज येऊन राह्यलं परवा. लिहून टाका, जुनं बीज कमजोर झालं. ती बाई तर गेली, विषय खतम.”

मी म्हटलं, “बाई गेली नाही, काढली. मी खोटं लिहून काढली.”

“मग आता काय, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?”

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. पहिला पाच ओळींचा होता. हा दीड पान झाला, आणि एकही वाक्य चांगलं उतरलं नाही.

संध्याकाळी अंजनाबाईंच्या घरी गेले. त्या कोणाच्या तरी बांधीतलं निंदण करून नुकत्या आल्या होत्या, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. ‘जयभीम’ म्हटलं तर मान हलवली, बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं, हातांचंसुद्धा. त्या पायावर पाणी घेत ऐकत होत्या.

“कामावर या,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

“इथं कोन आहे ऐकाले? तू आन् मी.” त्यांनी पहिल्यांदा मला तू म्हटलं. “त्या दिवशी सात गावचे लोकं होते. त्याइच्या पुढं माह्या हाताचा वास घेतला तुनं. घरी येऊन माफी मांगतं. काऊन, तिथं लाज वाटते?”

“अंजनाबाई...”

“ज्याइच्या पुढं पयला कागद वाचला, त्याइच्याच पुढं हा वाच. मंग पाह्यतो मी.”

दार लावलं नाही त्यांनी, पण आतही बोलावलं नाही. रस्ताभर मला राग येत होता, आणि पहिल्यांदाच तो ठेवायला दुसरं कोणी सापडेना.

१२ सप्टेंबर

शनिवारी या म्हणून सातही गावांना मीच फोन केले. कारण विचारलं तर सांगितलं, “कार्ड का फसलं ते सांगायचंय.” सरांनी शनिवारी आपल्याला ताप येणार असल्याचं आजच कळवलं.

१४ सप्टेंबर

व्हरांड्यात सातही जण आले. सरही आले, तापाविना, मागे खांबाला टेकून. अंजनाबाई पायरीवर बसल्या, सगळ्यांत शेवटी.

मी वाचलं. नर कोणते, मादी कोणती, बशीत काय टाकलं. ‘ही चूक सौ. अंजनाबाई यांनी तीन ऑगस्ट रोजीच दाखवून दिली होती’ ही ओळ मी दोनदा वाचली. ‘त्यांच्या हातांना तंबाखूचा वास नव्हता. येतो असे मी खोटे सांगितले.’ हे वाचताना कागदावरून मान वर काढवेना.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. इस्तारीभाऊ बोलले, “मी तं फवारलं, मॅडम. बोडीतल्या मासोळ्या उलट्या पडल्या. त्या आता कोन सुलट्या करन?” मी ऐकून घेतलं.

मग अंजनाबाई पायरीवरून उठल्या. चालत माझ्यापर्यंत आल्या, कागद माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवला आणि माझे दोन्ही हात धरून आपल्या नाकाशी नेले. सगळ्यांसमोर, सावकाश, आधी उजवा, मग डावा. मला हात ओढून घ्यावासा वाटला. घेतला नाही.

“साबनाचा वास येते,” त्या म्हणाल्या.

टेबलावरचं भिंग उचलून त्यांनी दोरा गळ्यात घातला. “नवं बीज उद्या निघन. मी सातले येतो. बशी घरी ठेवून येजो.”

१५ सप्टेंबर

पावणेसातला पोचले. त्या आधीच बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. नर निघायला लागले होते, कार्डावर गोल फिरत होते. ऊन खिडकीत यायला साडेआठ वाजले. तोवर आम्ही दोघी काहीच केलं नाही.

त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. “पाह्य आता,” म्हणाल्या.

मी पाहिलं.